किडनी नक्की करते काय, आणि 'नॉर्मल' रिपोर्टच्या आत काय लपतं?

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही, किंवा आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ज्यांना पटत नाहीत, त्यांच्यासाठी. बोललो तेच इथे आहे, फक्त माझे "म्हणजे" आणि "बेसिकली" जरा कमी केलेत.

आजचा विषय किडनी. मूत्रपिंड. शाळेच्या पुस्तकात 'वृक्क' म्हणायचे, आकृती काढून नावं द्यायची, चार मार्क, संपलं. पण नावं देऊन झाल्यावरही ती करते काय हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही. "रक्त गाळते आणि लघवी बनवते", बस. हे उत्तर चूक नाही, पण त्यातली खरी मजा राहून जाते.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. केलंय, दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे इथे कोणाला औषध सांगणार नाही. यंत्रणा कशी चालते, कुठे बिघडते आणि रिपोर्ट हातात आला की काय बघायचं, एवढंच सांगणार.

दिवसाला १८० लिटर

आपल्या दोन किडन्या पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास असतात. प्रत्येकीची लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. उजवी जरा खाली, कारण तिच्या डोक्यावर लिव्हर बसलेलं असतं. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाहीत. पण हृदय जेवढं रक्त पंप करतं, त्यातलं जवळजवळ २० ते २५ टक्के या दोघींकडे जातं. मिनिटाला एक लिटरपेक्षा जास्त. एवढ्याशा अवयवाला एवढा मोठा वाटा का, तर काम तसं आहे.

एका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला रक्तवाहिन्यांचा एक बारीक गुंता असतो, ग्लोमेरुलस. रक्त दाबाने तिथे येतं आणि त्यातलं पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं बारीक सामान गाळून पलीकडच्या नळीत पडतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मात्र आतच राहतात. असं गाळलेलं पाणी किती, तर दिवसाला साधारण १८० लिटर. घरातले नऊ मोठे बिसलेरीचे जार.

आता तुम्ही म्हणाल, लघवी तर दिवसाला दीड-दोन लिटर होते. मग बाकीचं गेलं कुठे?

परत आत घेतलं. ९९ टक्के.

दिवाळीची साफसफाई

मला स्वतःला किडनी इथे कळली. घरात दिवाळीच्या आधी साफसफाई कशी करतात? एक पद्धत अशी, की कपाट उघडायचं आणि त्यातला कचरा शोधून शोधून बाहेर टाकायचा. दुसरी पद्धत आजीची. सगळं सामान आधी अंगणात काढायचं. मग जे हवं आहे तेवढंच ओळखून आत आणायचं. जे ओळखू आलं नाही, ते बाहेरच राहतं.

किडनी आजीच्या पद्धतीने काम करते. आधी जवळजवळ सगळं बाहेर, मग हवं तेवढं आत. साखर आली? पूर्ण परत घ्या. अमिनो आम्लं? परत. सोडियम, पाणी? नळीच्या पहिल्याच भागात साधारण दोन तृतीयांश परत. युरिया थोडा परत येतो, बाकीचा जातो. क्रिएटिनिन? ते जाऊ दे.

वरवर बघता हा उधळेपणा वाटतो. एवढं बाहेर काढून परत घ्यायचं तर ऊर्जा किती लागत असेल! लागतेच. पण फायदा बघा. उद्या तुमच्या पोटात असा एखादा पदार्थ गेला, जो माणसाच्या शरीराने आजवर कधी बघितलाच नाही, एखादं नवीन औषध समजा. रक्तात मोकळं फिरणारं असं बरंच काही गाळणीतून बाहेर पडतं आणि परत घ्यायच्या यादीत नसतं, म्हणून लघवीवाटे निघून जातं. कचऱ्याची यादी कायम अपुरी असते. हव्या असलेल्या वस्तूंची यादी मात्र पूर्ण करता येते. आमच्या क्षेत्रात सिक्युरिटीवाले हेच सांगून थकतात.

साखर परत घेण्यालाही मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की नळीतले 'हमाल' कमी पडतात आणि उरलेली साखर लघवीत उतरते. ती सोबत पाणी ओढते. मधुमेहात वारंवार लघवी आणि तहान लागते ती यामुळे.

पाणी किती ठेवायचं, कोण ठरवतं?

दिवसभर ऊन खाऊन आलात, पाणी कमी प्यायलात, तर लघवी गडद पिवळी आणि थोडी होते. ताक-पाणी भरपूर झालं तर पांढरी स्वच्छ. हे ठरवतो मेंदूतून येणारा एक हार्मोन, एडीएच. तो आला की नळीच्या शेवटच्या भागातली पाण्याची दारं उघडतात आणि पाणी परत शरीरात जातं. किडनीचा आतला भाग मुद्दाम खारट ठेवलेला असतो, रक्तापेक्षा जवळजवळ चौपट. मिठाच्या बरणीशेजारी पाणी जसं ओढलं जातं, तसं पाणी त्या खारटपणाकडे जातं.

दारू या हार्मोनला दाबते. पार्टीत दर अर्ध्या तासाला वॉशरूमकडे का पळावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी घसा का कोरडा पडतो, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

आणि किडनी फक्त पाणी बघत नाही. रेनिन सोडून रक्तदाब सांभाळते. एरिथ्रोपोएटिन नावाचा हार्मोन बनवून हाडांच्या मगजाला "लाल पेशी बनवा" असा निरोप देते. ड जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणते. म्हणून किडनी थकली की रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, बीपी चढतं. बघणाऱ्याला वाटतं हे तीन वेगळे आजार आहेत.

खालची प्लंबिंग

तयार लघवी दोन मूत्रवाहिन्यांतून खाली उतरते. प्रत्येक साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांब. ती नुसती वजनाने खाली पडत नाही, नळीच्या भिंती लाटेसारख्या आवळून तिला ढकलतात. झोपलेलो असतानाही काम चालू. मग मूत्राशय. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात आरामात ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं, पण 'जायला हवं' ही सूचना त्याच्या बरीच आधी येते.

शेवटचा भाग मूत्रमार्ग. पुरुषांत साधारण २० सेंटीमीटर, बायकांत फक्त ४ सेंटीमीटरच्या आसपास. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुतखडा: तीन अरुंद वळणं

लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल विरघळलेलं असतं. पाणी कमी पडलं की ते स्फटिक धरायला लागतात. बहुतेक खडे कॅल्शियमचे, त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे. किडनीत बसलेला खडा कित्येकदा गप्प असतो. तो मूत्रवाहिनीत उतरला की मग कळतं. ही नळी आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, आणि तिच्यात तीन जागा जास्त अरुंद: किडनीतून निघताना, मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा अडकतो तो बहुधा यांतल्या एका जागी. नळी त्याला ढकलायला जोरात आवळते आणि कंबरेपासून जांघेपर्यंत कळा येतात.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. मोठ्यांसाठी शॉक वेव्ह, लेझर किंवा पाठीतून छोटं छिद्र करून काढणं, असे उपाय आहेत. ते डॉक्टर जागा आणि आकार बघून ठरवतात.

घरोघरी चालणारे सल्ले एकेक बघू. पाणी प्या: बरोबर. पण मोजायची ती लघवी. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास व्हायला हवी, मग विदर्भाच्या मे महिन्यात त्यासाठी किती प्यावं लागेल ते तुमचं तुम्हाला कळेल. दूध बंद करा: उलट. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते कमी केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. मीठ कमी करा: हो, कारण मीठ जास्त झालं की लघवीत कॅल्शियमही जास्त जातं. बिअर प्या: मित्रांचा आवडता सल्ला. वर एडीएचबद्दल काय म्हटलं ते आठवा. आज जास्त लघवी, उद्या कोरडेपणा. कुळथाचं कढण? पातळ, कमी मिठाचं करून प्या, पोटात पाणीच जातंय. पण ताप आणि कळा एकत्र आल्या तर कढण करत बसू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. अडलेल्या लघवीत जंतूंची वाढ हा जिवावरचा प्रकार आहे.

'उन्हाळी लागली' म्हणजे काय?

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे "उन्हाळी लागली" म्हणतात. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा सुरू होतो. नुसतं पाणी कमी पडल्याने जळजळ असेल तर बरंही वाटतं. पण वारंवार, थोडी थोडी, दुखत होत असेल, वास येत असेल, तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. बहुतेक वेळा ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यातला जंतू.

तो मुलींना आणि बायकांना जास्त का होतो? ती ४ सेंटीमीटरची नळी. जंतूला प्रवासच थोडा. पण शरीररचनेवर सगळं ढकलणं सोपं आहे. माझ्या टीममधल्या मुली पुण्याहून गावी जायला एसटीत बसायच्या आधी पाणी पिणं बंद करतात, कारण वाटेतल्या स्टँडवरचं स्वच्छतागृह कसं असेल याचा भरवसा नाही. पाणी नाही, लघवी तासन्‌तास धरलेली, जंतूंना वाढायला निवांत वेळ. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागायला उभी राहिली. ती आरोग्याचीच मागणी होती.

संसर्ग वर किडनीपर्यंत चढला तर थंडी वाजून ताप आणि पाठीत दुखणं सुरू होतं. मग थांबायचं नाही. आणि अँटिबायोटिक मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या, असं नको. डॉक्टरांनी सांगितलं तर लघवीचं कल्चर करा आणि कोर्स पूर्ण करा.

१.२ या आकड्याची गोष्ट

आता ज्या मुद्द्यासाठी हा भाग केला, तो.

माझी मोठी आत्या ६५ वर्षांची आहे. मधुमेह बारा वर्षं. गुडघे दुखतात म्हणून पेनकिलरची गोळी जवळजवळ रोजची. दर वर्षी ती रक्त तपासते आणि आत्येभाऊ रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकतो. मागच्या वर्षी क्रिएटिनिन आलं १.२. लॅबच्या कागदावर नॉर्मल पट्टा ०.६ ते १.३. शेजारी लाल खूण नाही. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे वर.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. गाळण्याचा वेग कमी झाला की तो रक्तात साचतो. पण तो बनतो किती, हे स्नायू किती आहेत यावर ठरतं. पंचविशीतला मुलगा आणि पासष्टीची बाई यांचा कचरा सारखा कसा असेल? म्हणून वय आणि लिंग धरून एक सूत्र वापरतात आणि त्यातून ईजीएफआर काढतात, म्हणजे मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातंय याचा अंदाज. २०२१ चं सूत्र मी स्वतः बसून चालवलं. क्रिएटिनिन १.२ असलेला २५ वर्षांचा मुलगा: साधारण ८६. क्रिएटिनिन १.२ असलेली ६५ वर्षांची बाई: साधारण ५०.

आकडा तोच. एकाची किडनी ठणठणीत असू शकते, दुसरीची तरुणपणीच्या निम्म्यावर आलेली.

आणि हे सरळ रेषेत चालत नाही. क्रिएटिनिन ०.६ वरून १.२ झालं तर दोन्ही आकडे त्या पट्ट्यात बसतात, पण गाळण्याचा वेग मधल्या मध्ये साधारण अर्धा झालेला असतो. म्हणून एकच रिपोर्ट बघू नका. मागच्या चार वर्षांचे शेजारी ठेवून बघा.

आत्याच्या बाबतीत हे पकडलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडलेल्या दिसल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंय?" बारा वर्षांत कोणीच तपासलं नव्हतं. तर्क सरळ आहे: जास्त साखरेने डोळ्यातल्या बारीक वाहिन्या खराब होत असतील, तर किडनीतलेही ते बारीक गुंते त्याच साखरेत भिजतायत. गाळणी सैल झाली की जे प्रथिन आत राहायला हवं, ते लघवीत उतरायला लागतं. हे बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी दिसतं. तपासणीचं नाव लघवीची एसीआर. ३० च्या आत असायला हवी. आत्याची आली २१०.

तीन महिन्यांनी परत तपासलं, ईजीएफआर ५१. किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणायला बिघाड तीन महिने टिकलेला असावा लागतो. टिकला होता.

किडनीतज्ज्ञांनी पहिली गोष्ट बंद केली ती पेनकिलर. कारण ऐकण्यासारखं आहे. गाळणीकडे येणारी वाहिनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन वापरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुखणं थांबवतात ते हेच प्रोस्टाग्लँडिन अडवून. म्हणजे गुडघा शांत, पण किडनीच्या नळाची चावी थोडी बंद. निरोगी तरुणाला एखाद्या दिवशी फरक पडत नाही. वय, मधुमेह, बीपी किंवा जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं असताना मात्र पडतो.

मग बीपीचं, प्रथिनांची गळती कमी करणारं औषध आलं. आणि एक नवीन गोळी, जी मुळात मधुमेहासाठी आली. ती त्या साखर उचलणाऱ्या 'हमालां'नाच थोपवते, साखर लघवीत जाऊ देते. पुढे लक्षात आलं की तिने किडनीही जपली जाते. पापड-लोणचं कमी झालं, त्यावरून घरात आठवडाभर रुसवेफुगवे झाले. दहा महिन्यांनी एसीआर ९० वर आली, ईजीएफआर जागेवर आहे. जे नेफ्रॉन गेले ते परत येणार नाहीत, जन्मानंतर नवीन बनतच नाहीत. पण उरलेल्यांवरचा ताण कमी झाला.

किडनी गप्प का असते?

कारण तिच्याकडे साठा भरपूर असतो. एक किडनी दान करूनही माणूस नीट जगतो, उरलेली जास्त काम उचलते. पण याच कारणामुळे बिघाडात बराच काळ काहीच जाणवत नाही. पायावर सूज, दम लागणं, मळमळ, खाज हे सगळं उशिरा येतं. ईजीएफआर १५ च्या खाली गेला की गोष्ट डायलिसिस आणि ट्रान्सप्लांटपर्यंत पोचते.

डायलिसिसचं पहिलं चाललेलं यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये बनवलं. त्यात सॉसेज भरायचं सेलोफेनचं आवरण नळी म्हणून वापरलं होतं. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला यशस्वीपणे बसवली. डायलिसिसचं ठरलेलं वेळापत्रक म्हणजे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. नोकरी, शेती, प्रवास सगळं त्याभोवती बांधावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचा खर्च बसतो, हे गावाकडच्या कोणाला माहीत नसेल तर जरूर सांगा. पण दोन चांगल्या किडन्या दिवसाचे चोवीस तास जे करतात, त्याची बरोबरी बारा तासांत होत नाही.

जाता जाता, कामाच्या गोष्टी

घरात कोणाला मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा दोन तपासण्या: रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून ईजीएफआर, आणि लघवीची एसीआर. दोन्ही लागतात. नुसत्या एकीने चित्र अर्धं राहतं.

जिमला जाणाऱ्यांनो, क्रिएटिनची पावडर घेत असाल किंवा स्नायू तगडे असतील तर क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं. घाबरू नका, पण तपासणीच्या वेळी डॉक्टरांना पावडरचं सांगा.

बीट खाल्ल्यावर लघवी लालसर आणि बी-कॉम्प्लेक्सनंतर गर्द पिवळी होणं, यात काही नाही. पण बीट न खाता लाल झाली आणि दुखत नसेल, तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. रोज फेस राहत असेल तर प्रथिनं तपासा.

लेबल नसलेली भस्मं आणि "किडनी साफ करणारी" चूर्णं लांब ठेवा, काहींत जड धातू सापडलेत. किडनी स्वतःच साफ करणारी आहे.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. आई-बाबांचे जुने रिपोर्ट कपाटातून काढा, फोनवर फोटो घ्या, क्रिएटिनिनचे आकडे तारखेप्रमाणे एका खाली एक लिहा. पाच मिनिटांचं काम. आकडा वर सरकत असेल तर ती यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

पुढच्या भागात लिव्हर. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हा भाग ज्याच्या घरी रोज गुडघ्याची गोळी घेणारं कोणी आहे, त्याला नक्की फॉरवर्ड करा. भेटू!